शेवंतीच्या गळ्यात अडकलं काय?

"परण्यात घोडीच्या पुढं मीच चालणार," रविकिरणनं ताटाच्या कडेचा आमरस बोटानं पुसून घेत जाहीर केलं. "केशरी फेटा बांधून."

"बांध की," धम्मप्रिया म्हणाली. "शेवंतीला केशरी रंग लई आवडतो. मागच्या लग्नात तिनं नवरदेवाच्या मेव्हण्याच्या फेट्याचा शेमला खाल्ला. निम्मा."

"मग मी कुठं चालू?"

"मागं. टोपली घेऊन. लीद उचलायला माणूस लागतंच."

सुकन्या इतकी हसली की रविकिरणच्या आईनं, म्हणजे मामीनं, तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि हसणं संपल्यावर परत दिली, वर आणखी एक पळी रस घालून.

मामाचं गाव अर्धापूरपासून जवळच. चहूकडं केळीच्या बागा. लातूरच्या उन्हानं करपलेली सुकन्या दर मे महिन्यात इथं आली की तिला वाटायचं, कुणीतरी डोक्यावर ओला पंचा ठेवला. आणि दर मे महिन्यात, लग्नसराईचे दिवस म्हणून, उमरीहून दयानंदकाका आपली घोडी घेऊन यायचे. शेषेरावमामाच्या बागेला लागून गोठा होता. एका बाजूला मामाच्या म्हशी, दुसऱ्या बाजूला शेवंती. घोडी पांढरी, पण त्या पांढऱ्यात शेवंतीच्या फुलासारखी पिवळसर झाक. पहिल्या वर्षी सुकन्या तिच्या आसपासही फिरकली नव्हती. मग काकांच्या लेकीनं, या धम्मप्रियानं, तिचा हात धरून घोडीच्या नाकापुढं नेला होता. गरम, ओलसर फुंकर तळहातावर आली आणि सुकन्याची भीती तिथंच विरघळली.

आज दिवस कलताना मामाच्या पुतण्याचा, शिवप्रसाददादाचा परण्या निघायचा होता. पुढं हलगी, मागं बँजो आणि मध्ये शेवंतीवर बसून नवरदेव महादेवाच्या देवळाला जाणार. दयानंदकाका घोडीची झूल आणायला नांदेडला गेले होते. जाताना त्यांनी लेकीला बजावलं होतं, "लग्नघर हाय. जो तो लाडानं काही तरी चारायला येईल. माझ्यामागं हिला कुणाच्या हातचं खाऊ देऊ नको."

धम्मप्रिया सकाळपासून गोठ्याबाहेर हलली नव्हती. पण मामीनं तीनदा निरोप धाडला, चौथ्यांदा स्वतः आली आणि दंडाला धरून तिला जेवायला घेऊन गेली. मामीपुढं कुणाचं काय चालतं?

"चला, मला जाऊ द्या आता," धम्मप्रिया हात धुऊन उठली. बाकीचे दोघंही तिच्या मागं निघाले.

गोठ्याच्या दाराशी रविकिरण थबकला. "हिला काय झालं गं?"

शेवंतीनं मान पुढं ताणली होती, इतकी की शिरा दिसत होत्या. मग तिनं ती खाली घातली, पुन्हा ताणली. खोकली. दोन्ही नाकपुड्यांतून तपकिरी फेस ओघळत होता, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पुढच्या पायानं ती सारखी माती उकरत होती, आणि मानेवर घाम चमकत होता.

सुकन्याला वाटलं, आता धम्मप्रिया किंचाळेल. पण धम्मप्रियाचा आवाज उलट खाली आला. "हो, हो, माझी बाय. म्या आले ना," असं पुटपुटत ती बाजूनं, शेवंतीला दिसेल अशी, हळूहळू जवळ गेली. पहिलं काम तिनं काय केलं असेल? समोरचा कडबा पायानं दूर सारला आणि पाण्याची बादली उचलून बाहेर ठेवली.

"पाणी कामून काढून राहिलीस?" रविकिरण म्हणाला. "तिला तहान लागली असंल."

"काय झालंय ते मला कळून न्हाई राहिलं. पप्पा म्हणतात, कळत नसलं की आधी चारा-पाणी बंद, मग फोन." तिनं शेवंतीच्या मानेच्या डाव्या अंगावरून हात फिरवला आणि मध्येच तो थांबला. "सुकन्या, इथं हात लाव. हळूच."

सुकन्यानं हात लावला. कातडीखाली पेरवाएवढा टणक फुगवटा लागत होता.

दयानंदकाकांचा फोन वाजून वाजून बंद झाला. ते गाडीवर असणार. मग रविकिरणनं आपल्या फोनमधला 'म्हशीच्या मॅडम' नावाचा नंबर लावला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर दीपमाला. मामाच्या म्हशी त्याच बघायच्या.

"श्वास घेतेय का ती?" त्यांनी पहिलं विचारलं.

"हाव मॅडम, घेतेय. पण नाकातून सगळं बाहेर येऊन राहिलं. उलटी होतेय वाटतं."

"घोड्याला उलटी करताच येत नाही रे राजा. खाल्लेलं अन्ननलिकेत अडकलंय, खाली उतरत नाही, म्हणून नाकावाटे परत येतंय. माणसाच्या घशात घास अडकून श्वास कोंडतो, तसं हे नाही. तेव्हा घाबरू नका, पण हयगयही करू नका. चारा-पाणी?"

"धम्मप्रियानं काढलं."

"कुणी सांगितलं तिला? शाबास. आता तिची मान खालीच राहू दे, म्हणजे लाळ बाहेर पडेल, छातीत जाणार नाही. गर्दी नको, गोंगाट नको. आणि तोंडातून काहीही पाजायचं नाही. पाणी नाही, तेल नाही, कुणाचं घरगुती औषध नाही. वरून ओतलेलं सरळ फुफ्फुसात उतरतं, आणि मग घोडं हातचं जातं. मी विष्णुपुरीच्या पलीकडं आहे, निघतेच. तोवर तुम्ही एक काम करा. तिनं काय खाल्लं ते शोधून ठेवा. नळी घालायच्या आधी मला ते कळलं पाहिजे."

फोन बंद झाला. तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"सकाळपासून कडब्याशिवाय तिच्या तोंडात काही गेलं न्हाई," धम्मप्रिया म्हणाली. "म्या जेवायला गेले तेव्हाच काही तरी झालं."

"तू तिच्यापाशी थांब," सुकन्या म्हणाली. "शोधायचं आम्ही बघतो."

तिच्या बाहीवर फेसाचा शिंतोडा उडाला होता. तिनं तो नाकाशी नेला. कडब्याचा वास असा गोड नसतो. "रवी, हा काकवीचा वास आहे ना?"

रविकिरणनं बाही हुंगली, नाक मुरडलं आणि मान हलवली. मग दोघं गोठ्याभोवती फिरले. पाण्याच्या टाकीमागं एक घमेलं पालथं पडलं होतं. रविकिरणनं ते उलटं केलं. आतून चाटूनपुसून लख्ख. फक्त काठाच्या खोबणीत खडूच्या तुकड्यांसारखे चार-दोन तपकिरी तुकडे अडकले होते.

"गोळी पेंड," तो म्हणाला. "म्हशीची."

म्हशींच्या बाजूला एक नवंकोरं पोतं उभं होतं. त्याची शिवण उसवलेली होती. हे पोतं सकाळीच आलं होतं, आणि आणणारे होते संगप्पाकाका. नवरदेवाचे मामा. उदगीरला त्यांचं पेंडीचं दुकान. भाच्याच्या लग्नाला आले ते शेषेरावमामासाठी नव्या मालाचं पोतं घेऊनच.

"म्हशीनं तर पोतं उसवून घोडीला वाढलं नसणार," सुकन्या म्हणाली.

"आमची लहानी म्हैस काय सांगावं. मनानं लई मोठी हाय ती."

"रवी."

"बरं, बरं."

सुकन्यानं त्या तुकड्यांपैकी एक बोटांत दाबून बघितला. दगडासारखा. तिनं घरातून पाण्याचा पेला आणला, पोत्यातल्या मूठभर गोळ्या त्यात टाकल्या आणि पेला टाकीच्या कठड्यावर ठेवला. बघता बघता गोळ्यांच्या कडा सुटू लागल्या.

एवढ्यात बाहेरून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. शेषेरावमामा आणि संगप्पाकाका येत होते. काकांच्या अंगावर नवा कोरा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे.

"अय्यो, हे काय?" शेवंतीला बघताच काका म्हणाले. "पोटशूळ आहे, शेषेराव. सरळ पोटशूळ. गोडं तेल आणा. नळकांडं आणा. एक शेर तेल पोटात गेलं की घोडी परण्याला नाचत येते का नाही बघा."

"आणतो की," मामा म्हणाले. बैलाला काही झालं की बांबूच्या नळकांड्यानं तेल पाजायचं, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

"मामा, पाजायचं न्हाई," धम्मप्रिया म्हणाली. ती शेवंतीच्या मानेला टेकून उभी होती. "डॉक्टरबाईंनी सांगितलंय. येऊन राहिल्या त्या."

"डॉक्टर येईपर्यंत दिवस मावळंल, पोरी. बैलाला पाजतोच की आम्ही."

"ही बैल न्हाई, मामा. गळ्यात अडकलंय तिच्या. तेल छातीत गेलं तर मरंल ती."

"लेकरांनी मोठ्यांना शिकवायचे दिवस आले," संगप्पाकाका म्हणाले. "ए तम्मा, रविकिरण, जा, नळकांडं घेऊन ये."

रविकिरणनं सुकन्याकडं बघितलं. सुकन्यानं पापणीही हलवली नाही, पण त्याला कळलं. तो धावत सुटला आणि बऱ्याच वेळानं सायकलचा पंप घेऊन आला. "हेच का, काका?"

"नळकांडं म्हणालो रे. बांबूचं."

तो पुन्हा गेला. या वेळी आला तो मामीची चुलीची फुंकणी घेऊन.

"पोरगं शाळेत जातंय ना?" काकांनी मामांना विचारलं.

"जातंय म्हणतंय," मामा म्हणाले आणि स्वतःच नळकांडं शोधायला वळले. तेलाची बाटली घेऊन मामी दारात येऊन उभी राहिली होती. आता फार वेळ नव्हता.

सुकन्या संगप्पाकाकांपुढं जाऊन उभी राहिली. आवाज तिनं अगदी भाबडा काढला. "काका, सकाळी तुम्ही आणलेली पेंड चांगली आहे का हो? आमच्या लातूरच्या शेजाऱ्यांना म्हैस घ्यायचीय. ते विचारत होते."

दुकानदाराला मालाबद्दल विचारलं की तो सगळं विसरतो. संगप्पाकाकांचा चेहरा उजळला. "चांगली? एक नंबर. उदगीर ते देगलूर, असा माल कुणाकडं नाही. काकवी घातलेली आहे, जनावर घमेलं चाटून खातं. आणि फुगते किती म्हणतेस. पाण्यात टाकली की दुपटीनं फुगते. म्हणून तर गिऱ्हाइकानं पोतं उचलायच्या आधी मी सांगतो, बाबा रे, भिजवून घाल. कोरडी घातलीस आणि जनावर हावरं असलं, तर लाळेनं गळ्यातच फुगून..."

काका थांबले.

शेवंती पुन्हा खोकली.

सुकन्यानं कठड्यावरचा पेला उचलून मामांच्या हातात दिला. गोळ्यांचा मागमूस नव्हता. पेला काठोकाठ घट्ट तपकिरी लगद्यानं भरला होता, काकवीच्या वासाचा. रविकिरणनं घमेलं पुढं केलं. मामांनी पेला हुंगला, मग घोडीच्या नाकातला फेस बघितला, मग सोयऱ्याकडं.

"संगप्पा, तुम्ही चारली का हिला?"

काकांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. "घमेलंभर. लग्नाची घोडी, म्हटलं अंगात जोर यावा, परण्यात चांगली नाचावी. ती हावरेपणानं खाऊन राहिली, मला गंमत वाटली. भिजवायला ठेवली असती तर..." त्यांचा आवाज बसला. "गिऱ्हाइकाला रोज सांगतो मी. रोज."

"काका," धम्मप्रिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. "तुम्ही दारात थांबता का? लग्नघरच्या माणसांना इकडं येऊ नका म्हणावं. गर्दी नको तिला."

आणि उदगीरच्या बाजारात ज्यांच्या आवाजाला लोक वचकायचे, ते संगप्पाकाका निमूटपणे गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मामीनं तेलाची बाटली पदराआड केली.

डॉक्टर दीपमाला आल्या तेव्हा धुळीनं त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काय खाल्लं?"

"गोळी पेंड, कोरडी, घमेलंभर. आम्ही जेवत होतो तेव्हा," सुकन्यानं एका दमात सांगितलं आणि पेला दाखवला.

"वा. निम्मं काम केलंत माझं. आता कोमट पाणी लागेल, बादल्या भरून."

त्यांनी शेवंतीला झिंग येण्याचं इंजेक्शन दिलं. हळूहळू घोडीचे कान सैल पडले, मान खाली गेली, खालचा ओठ लोंबला. मग डॉक्टरांनी एक लांब, मऊ नळी बुळबुळीत जेल लावून तिच्या नाकपुडीतून अलगद आत सरकवली. धम्मप्रियानं शेवंतीचं डोकं गुडघ्याशी धरलं होतं. फुगवट्यापाशी नळी अडली. डॉक्टरांनी थोडं पाणी सोडलं, नळी खाली केली. तपकिरी पाणी बाहेर आलं. पुन्हा थोडं पाणी. पुन्हा बाहेर.

"ढकला की मॅडम जरा," रविकिरणला राहवलं नाही.

"ढकललं तर आतून फाटेल. इथं जोर चालत नाही, धीर चालतो. पाणी आण."

तो आणि मामा बादल्या आणत राहिले. सुकन्या फुगवट्यावर नजर खिळवून उभी होती. तिला धम्मप्रियाचे हात दिसत होते. सारा भार पेलून अवघडलेले, पण जरासुद्धा न हललेले. आपण असतो तर कधीच रडत बसलो असतो, तिच्या मनात आलं. ही रडली नाही, म्हणून घोडी बिथरली नाही. एवढं बळ हिच्या या काटकुळ्या दंडांत येतं तरी कुठून?

बादल्यांमागून बादल्या गेल्या. आणि मग लगद्याचा एक मोठा गोळा भसकन बाहेर पडला, त्यामागं दुसरा, आणि नळी कुठंही न अडता सरसर आत गेली.

"उतरलं," डॉक्टर म्हणाल्या.

सुकन्यानं हात लावला. फुगवटा नव्हता. मान सपाट, गरम, घामेजलेली होती आणि कातडीखाली नुसती एक शीर उडत होती. तेव्हा कुठं धम्मप्रियानं शेवंतीच्या कपाळावर तोंड टेकलं आणि हुंदका दिला.

डॉक्टरांनी घोडीची छाती दोन्ही बाजूंनी ऐकली, सुई टोचली, झिंग ओसरल्यावर दातही बघितले. "दाढांच्या कडा वाढल्यात हिच्या. नीट चावता येत नाही, म्हणून गिळते. त्या घासून देईन नंतर. थोडे दिवस फक्त भिजवलेलं, पातळ खाणं. ताप आला, खोकला वाढला तर लगेच फोन. आणि आज परण्याबिरण्या काही नाही."

दारात संगप्पाकाकांनी मान खाली घातली. त्यांच्या मागं कपाळाला मुंडावळ्या आणि गालांना हळद लावलेला शिवप्रसाददादा कधी येऊन उभा राहिला होता, कुणालाच कळलं नव्हतं.

"मामा, तोंड कशाला पाडता?" तो म्हणाला. "मला पाय आहेत की."

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. दयानंदकाका आत आले ते खांद्यावरची झूल तिथंच टाकून. त्यांनी घोडीच्या नाकाला, मानेला, कानांना हात लावून बघितलं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, संगप्पाकाकांनीही आपलं आपण, काही न लपवता सांगितलं. दयानंदकाका ऐकत राहिले.

"पप्पा, म्या जेवायला गेले होते," धम्मप्रिया म्हणाली. "तुम्ही सांगून गेलता, तरी."

काकांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या ओढणीला फेस, हातांना लगदा, डोळे लाल.

"पोटभर जेवलीस ना?"

"हाव."

"मग झालं," ते म्हणाले, आणि तिचा तो बरबटलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"दयानंद, तुमची लेक आणि ही दोघं," डॉक्टर सामान आवरत म्हणाल्या, "यांनी घोडीच्या तोंडात एक थेंब जाऊ दिला नाही. मोठी माणसं हातात तेल घेऊन उभी असताना. मी आले ते नळी घालायला. घोडी जगवली ती यांनी."

शेषेरावमामांनी घसा खाकरला. "मी नळकांडं शोधत होतो, मॅडम. ते काही सापडलं न्हाई."

"केळीच्या घडात खोचून ठेवलंय," रविकिरण म्हणाला. "हवंय का?"

मामांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात तिथं ठेवून त्याला जवळ घेतलं.

दिवस कलला. गावातून हलगी वाजू लागली. मुलं परण्याला गेलीच नाहीत. तिघंही गोठ्यात शेवंतीपाशी बसून होती. देवळाची वाट बागेला लागूनच जाते, त्यामुळं आवाज जवळ जवळ येत चालला. शेवंतीचे कान टवकारले, पाय चुळबुळू लागले. हलगी ऐकली की तिला उभं राहवत नाही. धम्मप्रियानं तिचा कासरा घट्ट धरला.

आणि बागेच्या कोपऱ्यावर हलगी थांबली. बँजोही थांबला.

मुलं दारात आली. परण्याच्या सगळ्यात पुढं संगप्पाकाका होते, ओठांवर बोट ठेवलेले, दुसऱ्या हातानं वाजवणाऱ्यांना थोपवत. त्यांच्या मागं शिवप्रसाददादा पायी. त्याच्या मागं अख्खं वऱ्हाड, लुगड्यांची सळसळ आणि चपलांचा फटफट आवाज तेवढा. बायकांनी आपापल्या लेकरांची तोंडं हातानं झाकली होती. गोठ्यासमोर येताच नवरदेवानं मुलांकडं बघून हात जोडले.

शेवंतीला मात्र हा शांतपणा मानवला नाही. तिनं मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि मोकळ्या, स्वच्छ गळ्यानं अशी खिंकाळली की केळीच्या बागेतले बगळे उडाले.